यादीत नाव शोधायचंय: ॲरे घ्यावा की डिक्शनरी?

आपल्या घरांतली बरीच मुलंमुली आज बीसीए, बीएस्सी आयटी, डिप्लोमा किंवा सीबीएसईच्या अकरावी-बारावीत पायथॉन शिकताहेत. मोहल्ल्यातल्या संस्थांनाही हे बरोबर ठाऊक असतं. शिष्यवृत्तीचे अर्ज आले, रेशन किटची यादी करायची झाली, मकतबच्या मुलांची हजेरी ठेवायची झाली की हाक जाते, "बेटा, तू कॉम्प्युटर शिकतोस ना, जरा एवढं करून दे." मग कुणीतरी मुलगा किंवा मुलगी दोन रात्री जागून छोटासा प्रोग्रॅम लिहून देते. नाव टाकलं की माहिती येते. सगळे खूश.

अडचण पुढे येते. एक बाई खिडकीशी येऊन विचारतात, "माझ्या मुलीचा अर्ज कुठवर आला?" प्रोग्रॅम म्हणतो, असा अर्जच नाही. कागद तर समोरच्या फाइलमध्ये लावलेला असतो! यात त्या बाईंची चूक नसते, अर्ज भरून घेणाऱ्याचीही नसते. बऱ्याचदा चूक असते ती माहिती साठवायची पद्धत निवडण्यात. प्रोग्रॅम लिहायला बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत हा निर्णय होऊन जातो आणि नंतर त्याकडे कुणी वळून बघत नाही. माहिती ओळीने ॲरेमध्ये ठेवायची, की प्रत्येक माहितीला एक किल्ली देऊन डिक्शनरीत?

त्या निर्णयाबद्दल आपण इथे बोलणार आहोत. ज्यांना कोड येत नाही त्या आईवडिलांनीही हे वाचावं, कारण संस्थेच्या खिडकीमागे बहुतेक वेळा तेच बसलेले असतात, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला नेमका प्रश्न विचारायला कोड यावा लागत नाही.

बिल्ला आणि खण

दर्ग्याबाहेर जोडे सांभाळणारा माणूस आपल्याला बिल्ला देतो. बिल्ल्यावर ५७ लिहिलंय, म्हणजे जोडे ५७ नंबरच्या खणात. परत आल्यावर तो एकेक खण बघत बसत नाही, सरळ ५७ वर हात घालतो. खण दहा असोत की हजार, वेळ तेवढाच.

ॲरे म्हणजे हेच. संगणकाच्या मेमरीत एकाला एक लागून, सारख्या मापाचे खण. पायथॉनमध्ये याच जातीची 'लिस्ट' असते. तिथे संगणक गणित करतो: पहिल्या खणाचा पत्ता, अधिक क्रमांक गुणिले एका खणाची लांबी. पहिला खण १००० या पत्त्यावर असेल आणि प्रत्येक खण ८ बाइटचा असेल, तर ५७ क्रमांकाचा खण १००० अधिक ४५६, म्हणजे १४५६ वर. (मोजणी शून्यापासून असते, म्हणून पहिल्या खणाचा क्रमांक ०.) एक गुणाकार, एक बेरीज, काम झालं.

आता बिल्ला हरवला असं समजा. आपण म्हणतो, "काळी चप्पल आहे, अंगठ्याला लाल पट्टी." बिचारा एकेक खण बघत सुटतो. चप्पल पहिल्याच खणात असली तर नशीब, शेवटच्या खणात असली तर सगळे खण बघून होतात. यालाच लिनिअर सर्च म्हणतात. ४१२ अर्जांच्या यादीत एखादं नाव शोधायचं तर सरासरी दोनशेच्या वर नावं तपासावी लागतात, आणि नाव यादीत नसेलच तर पूर्ण ४१२.

इथे एक गोष्ट सरळ सांगून टाकू. ४१२ नावं आजच्या संगणकाला काहीच नाहीत. तेवढ्यासाठी कुणी साधी लिस्ट वापरली म्हणून त्याला नावं ठेवू नयेत. वेगाचा प्रश्न खरा उभा राहतो तो दोन याद्या एकमेकींशी ताडून बघायच्या असतात तेव्हा. मागच्या वर्षी ज्यांना मदत मिळाली ते यंदाच्या यादीत आहेत का, हा सगळ्या संस्थांचा नेहमीचा प्रश्न. दोन्ही याद्या पाच-पाच हजारांच्या असतील आणि यंदाच्या प्रत्येक नावासाठी मागची यादी वरपासून खालपर्यंत बघायची असेल, तर वेळ पडल्यास अडीच कोटी तुलना होतात. जिल्हाभरच्या एक-एक लाखाच्या याद्या असतील तर हजार कोटी. पाच हजारांपर्यंत संगणक निभावून नेतो. लाखाला मात्र आपण चहा करून, पिऊन, कप विसळून आलो तरी तो शोधतच असतो. तेच काम डिक्शनरीने केलं तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत होतं.

मधला एक मार्ग आहे. यादी आधी क्रमाने लावून घ्यायची आणि मग मधोमध उघडायची. हवं ते नाव याच्या आधी येतं की नंतर? अर्धी यादी बाद. उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा अर्ध. एक लाख नावांत अशा रीतीने जास्तीत जास्त १७ वेळा बघावं लागतं, ४१२ मध्ये ९ वेळा. हा बायनरी सर्च. अशा ठरावीक रीतीला अल्गोरिदम म्हणतात आणि तो शब्द नवव्या शतकात बगदादला काम करणाऱ्या अल-ख्वारिज्मीच्या नावावरून आला, हे आपल्याकडच्या प्रत्येक गुणगौरव समारंभात सांगितलं जातं. सांगावंच. पण सांगून झाल्यावर मुलांच्या हातात जाडजूड शब्दकोश देऊन त्यांच्याकडून हा बायनरी सर्च एकदा करूनही घ्यावा. पाच मिनिटांत जे कळतं ते भाषणातून कळत नाही.

या मार्गाची किंमतही आहे. यादी कायम क्रमाने ठेवावी लागते. मध्येच नवं नाव आलं की पुढच्या सगळ्यांना एकेक खण सरकवायचं. रोज नवे अर्ज येत असतील तर हे सरकवणं अंगावर येतं.

किल्लीवरून थेट खणापर्यंत

आता डिक्शनरी. इंग्रजीत हिच्या दोन भागांना 'की' आणि 'व्हॅल्यू' म्हणतात. मराठीत 'की' म्हटलं की वाक्याचा घोटाळा होतो, म्हणून आपण किल्ली आणि माहिती म्हणू. किल्ली दिली की माहिती मिळते. अर्ज क्रमांक ही किल्ली, तर मुलीचं नाव, शाळा, टक्के, अर्जाची स्थिती ही माहिती. जावामध्ये याला हॅशमॅप म्हणतात, जावास्क्रिप्टमध्ये मॅप, पीएचपीमध्ये तर ॲरे याच नावाखाली आत हीच व्यवस्था असते. नावांनी गोंधळून जाऊ नये, आतली युक्ती एकच.

ती युक्ती वहीवर करून बघता येते. १६ खण घ्या, ० ते १५ क्रमांकांचे. संगणकात प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत 'र' चा नंबर २३५२, 'ज' चा २३३२ आणि काना या चिन्हाचा २३६६. 'रजा' या नावाची बेरीज झाली ७०५०. तिला १६ ने भागा, बाकी उरते १०. म्हणजे 'रजा' ची माहिती १० नंबरच्या खणात ठेवायची. उद्या कुणी 'रजा' विचारलं की पुन्हा तीच बेरीज, तोच भागाकार, तोच खण. यादी बघायची गरजच नाही. नावातूनच बिल्ला तयार झाला! या गणिताला हॅश म्हणतात. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ साली कंपनीतल्या एका टिपणात ही कल्पना मांडली होती. कार्ड क्रमांकाचा शेवटचा आकडा पडताळायची जी रीत आज जगभर चालते, तीही यांचीच.

पण थांबा. 'राज' ची बेरीज काय? तीच तीन चिन्हं, बेरीज ७०५०, खण १०. 'जरा' सुद्धा १० मध्येच. तीन वेगळे शब्द एकाच खणावर आले. याला टक्कर म्हणू. खरे हॅश यापेक्षा पुष्कळ हुशार असतात, अक्षर कितव्या जागी आहे तेही धरतात, म्हणून 'रजा' आणि 'राज' सहसा वेगळे पडतात. तरीही टक्कर पूर्ण टळत नाही. म्हणून खणात माहितीसोबत मूळ किल्लीही ठेवलेली असते. खण उघडल्यावर संगणक किल्ली ताडून बघतो, जुळली नाही तर पुढे बघतो. जावा एकाच खणाला साखळी लावतं, पायथॉन दुसरा रिकामा खण शोधतं.

खण भरत आले की टकरा वाढतात. जावाचा हॅशमॅप नेहमीच्या मांडणीत १६ खणांनी सुरू होतो आणि पाऊण भाग भरला, म्हणजे बाराच्या वर नोंदी गेल्या, की खण दुप्पट करून सगळ्यांना नव्याने वाटून देतो. म्हणजे काही खण कायम रिकामे ठेवायचे, हे यात धरलेलंच आहे. वेग मिळतो तो जागा जास्त देऊन.

एवढं वाचून वाटेल, मग सगळीकडे डिक्शनरीच वापरू. तसं नाही. मतदार यादीचं उदाहरण घ्या, कारण ते प्रत्येक घराला माहीत आहे. यादीत आपला भाग क्रमांक आणि त्या भागातला अनुक्रमांक असतो. बूथवर बसलेल्या माणसाला अनुक्रमांक सांगितला की तो छापील यादीत लगेच बोट ठेवतो. हा ॲरे. पण यादी नव्याने छापली, काही नावं वगळली, काही घातली, की अनुक्रमांक बदलू शकतो. ओळखपत्रावरचा तीन अक्षरं आणि सात आकड्यांचा क्रमांक मात्र आपला असतो, यादीतल्या जागेचा नसतो. ऑनलाइन शोधताना तोच टाकला तर नाव पटकन सापडतं. नावाने शोधायला गेलं तर स्पेलिंगवर अडतं. अनुक्रमांक सांगतो तुम्ही कितव्या जागी आहात, ओळखपत्राचा क्रमांक सांगतो तुम्ही कोण आहात. ॲरे आणि डिक्शनरीतला सगळा फरक आमच्या मते या दोन आकड्यांत आहे.

म्हणून निवड करताना आधी विचारावं: लोक प्रश्न काय घेऊन येणार आहेत?

मकतबच्या वर्गात १ ते ४० हजेरी क्रमांक आहेत आणि रोज क्रमानेच हाक मारायची आहे, तर ॲरे. किल्ली आधीच ० पासून ओळीने जाणारी संख्या असेल तर हॅशचा खटाटोप कशाला? फक्त एक सांभाळावं. मधला एखादा मुलगा शाळा सोडून गेला आणि पायथॉनच्या लिस्टमधून त्याला काढून टाकलं, तर त्याच्या पुढचे सगळे एकेक जागा मागे येतात. २४ नंबरची मुलगी गुपचूप २३ होते आणि तिची हजेरी दुसऱ्याच्या नावावर लागायला लागते. काढायचं नाही, खण रिकामा ठेवायचा.

टक्क्यांप्रमाणे पहिल्या दहा मुली कोणत्या, ज्यांचं उत्पन्न एक ते दोन लाखांमध्ये आहे असे किती, 'अन्सा' ने सुरू होणारी आडनावं कोणती, अशा प्रश्नांना डिक्शनरी काही कामाची नाही. हॅशने सगळ्यांना विखरून टाकलेलं असतं. ८९ टक्के आणि ९० टक्के यांचे खण शेजारी असतीलच असं नाही. इथे क्रमाने लावलेला ॲरे जिंकतो. मोठे डेटाबेसही याच कारणाने आपला इंडेक्स बहुतेक करून क्रमाने लावलेल्या झाडासारखा ठेवतात, म्हणजे एकच नोंदही लवकर मिळते आणि 'इथपासून तिथपर्यंत' हेही विचारता येतं.

आणि 'अर्ज क्रमांक २१७ चं काय झालं' असा एकेकाचा प्रश्न दिवसभर येणार असेल, नवे अर्ज रोज येत असतील, दोन याद्या ताडायच्या असतील, तर डिक्शनरी. फक्त 'आहे की नाही' एवढंच बघायचं असेल तर पायथॉनचा सेट पुरतो. तो म्हणजे माहितीविना नुसत्या किल्ल्या.

काही जुन्या नोट्समध्ये अजून लिहिलेलं असतं की डिक्शनरीत क्रम राहत नाही. पायथॉन ३.७ पासून ज्या क्रमाने नोंदी घातल्या तो क्रम टिकण्याची हमी भाषेनेच दिली आहे. पण घालण्याचा क्रम म्हणजे टक्क्यांचा क्रम नव्हे, ही गल्लत करू नये.

किल्ली कुणाची?

इथवर वेगाची गोष्ट झाली. आमच्या मते खरी गोष्ट आता सुरू होते, आणि शिकवताना बहुधा हीच राहून जाते. वेग कमी पडला तर माणूस थोडा थांबतो. किल्ली चुकीची निवडली तर माणूस यादीतून जातो.

समजा, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने अर्जातला मोबाइल नंबर किल्ली म्हणून घेतला. दहा आकडे, सगळ्यांकडे असतो, लक्षात राहतो. छान वाटतं. आता आपली घरं बघा. तीन भावंडांनी अर्ज केला आणि तिघांनीही अब्बांचा नंबर लिहिला, कारण घरात चालू फोन तोच. डिक्शनरीचा नियम असा, की एका किल्लीला एकच माहिती. मोठीचा अर्ज आत गेला. मधल्या भावाचा आला, त्याच किल्लीवर बसला, मोठीचा पुसला गेला. मग धाकटीचा आला, भावाचा पुसला गेला. प्रोग्रॅम थांबला नाही, लाल अक्षरांत काही आलं नाही. तिन्ही कागद फाइलमध्ये आहेत, संगणकात मात्र धाकटी एकटीच उरली. साध्या लिस्टमध्ये हे झालं नसतं. शोधायला वेळ लागला असता, पण तिघंही राहिली असती.

यावर उपाय दोन. एक, संस्थेने अर्ज घेतानाच स्वतःचा क्रमांक द्यावा, पावतीवर लिहून द्यावा आणि तोच किल्ली करावा. हा क्रमांक घराचा नसतो, फोनचा नसतो, त्या एका अर्जाचा असतो. दोन, मोबाइलवरूनही शोधायची सोय हवीच असेल, कारण पावती हरवते, तर मोबाइलच्या किल्लीखाली एक माहिती न ठेवता लिस्ट ठेवावी: या नंबरवरचे सगळे अर्ज क्रमांक. डिक्शनरीच्या आत ॲरे. नंबर टाकला की तीन नावं येतील, खिडकीवरचा माणूस विचारेल, "कोणाचं बघू, आपा?" प्रत्यक्षात चांगले प्रोग्रॅम असेच असतात. दोघांतलं एकच निवडा अशी सक्ती कुणी केलेली नाही.

मग आधार क्रमांक का नको, असं कुणी विचारेल. बारा आकडी आहे, प्रत्येकाचा वेगळा आहे. तांत्रिक दृष्टीने किल्ली चांगली आहे. पण मोहल्ल्यातल्या संस्थेच्या लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हमधून इकडून तिकडे फिरणाऱ्या यादीत सगळ्यांचे आधार क्रमांक असणं आम्हाला बरं वाटत नाही. स्वतःचा क्रमांक देता येत असताना दुसऱ्याची इतकी नाजूक माहिती किल्ली म्हणून वापरू नये.

नाव तर किल्ली म्हणून अजिबात नको. एकाच मोहल्ल्यात आयेशा शेख किती असतील? आणि एकीचंच नाव किती तऱ्हांनी लिहिलं जातं! फातिमा आणि फातेमा, खदिजा आणि खतिजा, मोहम्मद, मुहम्मद, महंमद आणि नुसतं 'मो.'. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशन कार्डावर दुसरं. माणसाला हे एकच आहेत हे कळतं. हॅशला कळत नाही. एक अक्षर बदललं की बेरीज बदलली, खण बदलला, आणि शेजारच्या खणात डोकावून बघण्याची सवय हॅशला नाही. लिस्टमध्ये निदान वरून खाली बघताना 'जवळपास सारखं' असं शोधता येतं. डिक्शनरीत एक तर तंतोतंत, नाहीतर काहीच नाही.

त्यातही एक भानगड डोळ्यांना दिसतच नाही. उर्दू नावं देवनागरीत लिहिताना काही जण नुक्ता देतात. ज़ैनब मधला नुक्त्याचा 'ज़' संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो: एकच जोडलेलं चिन्ह म्हणून, किंवा साधा 'ज' आणि त्यानंतर वेगळा नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एका कीबोर्डने लिहिलेलं नाव दुसऱ्या कीबोर्डने शोधलं तर डिक्शनरी म्हणते, नाही. तुम्ही डोळे फाडून बघाल, दोन्ही नावांत तसूभर फरक दिसणार नाही.

यासाठी युनिकोडचं प्रमाणीकरण करून घ्यावं लागतं, म्हणजे सगळी नावं एकाच पद्धतीच्या चिन्हांत आणायची. पायथॉनसोबत त्याचं मॉड्यूल फुकट येतं. आम्ही तर म्हणू, मराठीत नुक्ता देण्याचा रिवाज नाही, त्यामुळे शोधासाठीच्या नावातून प्रमाणीकरणानंतर नुक्ता काढूनच टाकावा. माहितीत मात्र नाव जसं लिहून दिलं तसंच राहू द्यावं, ते बदलायचा आपल्याला हक्क नाही. प्रमाणीकरणही सगळं सोडवत नाही. या लेखाच्या शीर्षकातला 'ॲ' घ्या. तो एका चिन्हातही लिहिता येतो आणि 'अ' वर चंद्र देऊन दोन चिन्हांतही, पण युनिकोड या दोघांना एक मानत नाही. तिथे आपल्यालाच बदलून घ्यावं लागतं. 'झैनब' आणि 'जैनब' यांचं तर कुठलंही मॉड्यूल काही करू शकत नाही, तिथे माणूसच लागतो.

आकड्यांतही हीच गंमत. ४५ ही संख्या आणि '४५' हा मजकूर पायथॉनच्या दृष्टीने दोन वेगळ्या किल्ल्या. '००४५' आणि '४५' हे मजकूरही वेगळे. मराठी आकड्यांत लिहिलेला मजकूर आणि इंग्रजी आकड्यांत लिहिलेला मजकूर वेगळा. नावानंतर चुकून पडलेली एक रिकामी जागाही किल्ली बदलून टाकते. त्यामुळे नियम एकच ठेवावा: किल्ली आत घालताना जी साफसफाई केली, तीच्या तीच शोधतानाही करायची. दोन ठिकाणी वेगवेगळा कोड लिहू नये, एकच फंक्शन लिहून दोन्हीकडे वापरावं.

मग किल्ली सापडलीच नाही तर? पायथॉनमध्ये चौकोनी कंसाने विचारलं तर प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. नवशिक्याला हे नको वाटतं, म्हणून तो 'गेट' ची रीत वापरतो. सापडलं नाही तर आपण आधीच सांगून ठेवलेलं उत्तर ती देते. इथे उत्तर म्हणून काय लिहिता यावर फार काही अवलंबून आहे. 'अपात्र' लिहिलंत, किंवा रकमेच्या जागी शून्य ठेवलंत, तर नावातल्या एका वेलांटीमुळे एखाद्या मुलीला तुम्ही अपात्र ठरवता आणि तिला ते खरं वाटतं. 'या क्रमांकाची नोंद मिळाली नाही, कागदी फाइल बघा' असं लिहिलंत तर खिडकीवरचा माणूस उठून कपाट उघडतो.

हे सगळं कोड लिहिणाऱ्यांचं झालं. बहुतेक संस्थांचा कारभार मात्र एक्सेलवर चालतो, आणि एक्सेलमध्येही हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत भेटतो. तिथलं व्हीलुकअप हे फंक्शन चार गोष्टी मागतं, आणि चौथी लिहायची राहिली तर ते तंतोतंत नव्हे, जवळचं उत्तर शोधतं. त्यासाठी पहिला रकाना चढत्या क्रमाने लावलेला आहे असं ते गृहीत धरतं. लावलेला नसेल तर भलत्याच मुलाचे गुण आपल्या मुलासमोर येतात आणि चुकीचा इशारा काही येत नाही. चौथ्या जागी फॉल्स लिहावंच. नव्या एक्सेलमधलं एक्सलुकअप आपणहून तंतोतंतच शोधतं, मिळत असेल तर तेच वापरावं.

एक किल्ली दोनदा आली तर व्हीलुकअप वरून पहिली सापडेल ती दाखवतं. पायथॉनच्या डिक्शनरीत शेवटची टिकते. अब्बांच्या एका नंबरवरच्या त्या तीन भावंडांचं बघा: एक्सेल मोठीचा अर्ज दाखवेल, प्रोग्रॅम धाकटीचा, आणि मधला भाऊ दोन्हीकडे नाही.

हे पकडायला फार काही लागत नाही. एक्सेलमध्ये शेजारच्या रिकाम्या रकान्यात काउंटइफ लावा. प्रत्येक किल्ली किती वेळा आली ते समोर येईल, एकाहून मोठा आकडा दिसेल तिथे थांबून फाइल काढा. प्रोग्रॅममध्ये लिस्टची लांबी आणि त्यावरून बनवलेल्या डिक्शनरीची लांबी, दोन्ही छापून बघा. कागद ४१२ आहेत आणि डिक्शनरी ३९७ म्हणते, तर १५ अर्ज किल्लीखाली दबलेत. कोणते ते आधी शोधावेत, खिडकी नंतर उघडावी.